धुराची पन्नाशी

हैदराबादेतील बरकतपुऱ्याच्या चमनाला दररोज प्रातःकाळी एक फेरी घालणारी आमच्या शेजाऱ्यांची प्रीमियर पद्मिनी १९७६ सालची असल्यामुळे, तिच्या नळीतून निघणारा निळसर धूर, ज्यास आम्ही आजवर केवळ उपद्रव समजत होतो, तो वारशाच्या पदवीस चढण्याच्या बेतात आहे, हे केंद्र सरकारने २०२१ साली फर्माविलेल्या नियमांवरून आम्हांस कळून आले.

प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली आणि चासिस, बॉडी व इंजिन यांत भरीव फेरफार न झालेली खासगी मोटार या नियमांन्वये 'व्हिंटेज' ठरते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात, मुदत दहा वर्षांची मिळते आणि पुढील पुनर्नोंदणी ५,००० रुपयांत होते. उलटपक्षी, पंधरा वर्षे पुरी केलेल्या मोटारीस नोंदणी वाढवून घेण्यास ५,००० आणि, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, विशी ओलांडलेल्या मोटारीस १०,००० रुपये भरावे लागतात, आणि तेही पाचच वर्षांकरिता. तात्पर्य, जो धूर विशीनंतर गुन्हेगार ठरून दंडास पात्र होतो, तोच पन्नाशीनंतर जहागीरदार होतो.

धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ साली नव्या मोटारींस सक्तीचा झाला, तो दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत. हैदराबाद त्या मानास पात्र ठरले नव्हते. आता एखाद्या सद्भावी मिस्त्रीने तो पद्मिनीस जोडला, तर हवा शुद्ध होईल खरी, परंतु मूळ रूपाचा भंग झाला काय, याचा खल करण्यास एखादी समिती बसवावी लागेल. धुराच्या प्रदूषणाची 'पीयूसी' तपासणीही पेट्रोल मोटारीच्या बाबतीत गाडी उभी असता, इंजिन संथ चालवून होते. दाखला मात्र धावत्या गाडीस लागू पडतो, ही त्यातली खुबी!

परंतु या नियमांचा खरा अलंकार निराळाच आहे. व्हिंटेज मोटारीने नित्य वापरासाठी रस्त्यावर येऊ नये. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे, एवढ्यासाठीच तिला मुभा आहे. सबब, चतुर मालकाने पंपावर जाऊन पेट्रोल भरावे, परतताना ते जाळावे आणि पुनश्च पंपावर जावे. कायद्याचा केसही वाकत नाही. नित्य वापर टाळण्याच्या या कसोटीस पूर्णपणे उतरलेली एकच मोटार आमच्या शहरात आहे: सहाव्या निजामांनी मागविलेली व चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली पिवळी रोल्स-रॉईस. ती दारी येण्यापूर्वीच, १९११ साली, मागविणारे महबूब अली खान निवर्तले आणि गाडी शतकभरात काहीशे मैलच धावली.

शेजाऱ्यांस आमची विनंती एवढीच की, निळा धूर म्हणजे इंजिन तेल पीत आहे, हे ओळखून त्यांनी मूळ मापाच्या पिस्टन-रिंगा बसवून घ्याव्यात; इतक्याने वारशास बाध येईल असे आम्हांस वाटत नाही.