खुर्चीचा घसारा

लग्नानंतरची माझी सगळी हुशारी खर्च लपवण्यात गेली आहे. शब्दकोश घरी आणायचा तो भाजीच्या पिशवीत, मेथीखालून. किंमत विचारलीच तर निम्मी सांगायची. बिल मात्र फाडवत नाही. ती सगळी बिलं मोल्सवर्थच्या कोशात, 'ख'च्या पानांत. आमच्याकडे तो कोश माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

मी भाषांतरं करतो. २०२२-२३ सालात ७,२०,००० रुपयांची कामं झाली. देणाऱ्यांनी दहा टक्के टीडीएस आधीच कापून घेतला होता. जुलै २०२३मध्ये मीच बसून रिटर्न भरलं. सगळ्यात सोपा म्हणून आयटीआर-१ निवडला आणि सगळी रक्कम 'इतर उत्पन्न' म्हणून टाकली. पीपीएफ आणि विम्याचे ७०,००० वजा जाऊन कर झाला ४४,२००. कापलेल्या ७२,०००मधले २७,८०० परत आले, तेव्हा घरात आम्रखंड आणलं होतं. सरकारने आपल्याला फुकट काही दिलं, असंच वाटलं.

डिसेंबरात एका मुंजीच्या पंगतीत शेजारी सीए मित्र. त्याला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्याने मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली.

"आणि खर्च किती दाखवलास?"

"छे रे, मी काही उधळ्या नाही."

"गाढवा, धंद्याचा खर्च! टायपिंग, प्रूफं, लॅपटॉप, इंटरनेट! आयटीआर-३ भरायचा. ३१ डिसेंबरच्या आत रिवाइज्ड रिटर्न टाक. बिलं आहेत ना?"

बिलं होती. पण ती बाहेर काढणं म्हणजे कबुलीजबाब. त्यात आयकराच्या पोर्टलवर मोबाइल नंबर बायकोचा (माझा फोन सतत मेलेला असतो), म्हणजे प्रत्येक ओटीपी तिच्याकडे. ती चष्मा लावून समोर बसली आणि एकेक बिल मोठ्याने वाचू लागली.

"ही खुर्ची चार हजारांची ना?"

"हो."

"इथे साडेनऊ आहेत."

मी मित्राला फोन लावला. तो म्हणाला, खुर्चीवर दहा टक्के घसारा धर, जूनमध्ये घेतलेल्या ६०,०००च्या लॅपटॉपवर चाळीस. "किंवा सिनेमाचे संवाद लिहायला लाग. कलम ४४एडीएखाली संवादलेखकाला निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवली तरी चालते, बिलं लागत नाहीत. भाषांतरकार त्या यादीत नाही." त्या संध्याकाळी घरात जे संवाद झाले ते मी लिहिलेले नव्हते.

खर्च भरला १,६०,०००. सगळ्यात मोठा आकडा प्रूफं तपासणाऱ्यांचा आणि टायपिंगचा, त्यावर ती काहीच बोलली नाही. शब्दकोशांपाशी मात्र बराच वेळ थांबली. उत्पन्न ४,९०,०००वर आलं. जुन्या पद्धतीत पाच लाखांच्या आत सूट मिळून कर शून्य. म्हणजे जुलैत मी ४४,२०० रुपये सरकारला उगाच सोडून आलो होतो, वर आम्रखंड खाल्लं होतं.

फेब्रुवारीत पैसे आले. परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं, ते मित्राने सांगितलं होतं. एवढी एक रक्कम घरी बोलायची नाही, असं मी ठरवलं. एक जुना व्युत्पत्तिकोश बरेच दिवस डोळ्यांत होता.

घरी आलो तर ती मेथी निवडत बसली होती. मोबाइल शेजारी.

"आले बघा. पण ४४,२००च्या वर आहेत," ती म्हणाली. "वरचे कसले?"

"व्याज," मी म्हटलं.

"मग ते पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्नात दाखवावं लागेल ना?" तिने मेथीची जुडी उचलून पिशवीच्या तळाशी हात घातला. "आणि इथे खाली काही नाही ना, म्हणजे एकदाच विचारून घेते."