चटई क्षेत्राबाहेरचे कार्यालय

1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, नवीन पनवेलची सेक्टरनिहाय आखणी करताना शाळा, बाजार व उद्याने यांचा विचार केला. मात्र घरातला कमावता माणूस दिवसभर घरातच बसून राहील, अशी आपत्ती त्या नकाशांत गृहीत धरलेली दिसत नाही, कारण त्याला सकाळी हार्बर मार्गाच्या लोकलच्या स्वाधीन केले की घर मोकळे होत असे.

मार्च 2020 च्या टाळेबंदीने तो घरी परतला आणि वन बीएचके, म्हणजे एक शयनगृह, दिवाणखाना व स्वयंपाकघर असलेल्या सदनिकेची खरी क्षमता उजेडात आली. दिवाणखान्यात मुलांची ऑनलाइन शाळा भरत असल्याने आणि आजोबांची वामकुक्षी हा शयनगृहातला मूलभूत हक्क असल्याने, वरिष्ठांशी चर्चेसाठी ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघराला जोडलेला, वॉशिंग मशीन व खरकट्या भांड्यांसाठी राखलेला चिंचोळा सज्जा, एवढीच जागा उरली; तिमाही उद्दिष्टांचे विवेचन नेमके कपडे पिळण्याच्या फेरीशी जुळून येई आणि कुकरच्या शिट्टीला म्यूट करण्याची सोय कोणत्याही ॲपमध्ये नव्हती. 2016 चा स्थावर संपदा कायदा चटई क्षेत्र, म्हणजे घरातली वापरायोग्य जागा, मोजताना आतल्या भिंतींची जाडी धरतो, बाल्कनी मात्र वगळतो. तेव्हा हे कार्यालय कायद्याने घरात नव्हतेच, आणि ‘घरून काम’ ही संज्ञा काटेकोर अर्थाने चुकीची ठरते.

आता नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत कामासाठी खास कोपरा दाखवतात. तिथले चपलांचे कपाट कुठे हलवायचे, हे मात्र माहितीपत्रकात सापडत नाही.