आधी टाके, मग कोड

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालीच्या तिठ्यावर दोन महामार्ग फुटतात. एक लांज्यावरून गोव्याला, दुसरा नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूरला. हातखंब्यापासून पालीपर्यंत दोन्हींची वाहतूक एकाच रस्त्यावर. गॅसचे टँकर, मासळीचे ट्रक, एसटी, गणपतीला निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्या. इथं अपघात झाला, ही बातमी राहिलेली नाही.

अपघातानंतर काय होतं, ही बातमी आहे.

जखमीला दवाखान्यात आणतात. डॉक्टर जखम बघतात, काउंटरवर रेशनकार्ड मागतात. दोघंही आपापलं काम करत असतात. रक्त मात्र कुणाचं काम संपेपर्यंत थांबत नाही.

मोफत उपचारांची योजना नाही, असं कुणी म्हणू नये. योजना आहे आणि मोठी आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा यादीत सुमारे ९७० उपचार होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. पुढे ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. तेव्हा फुले योजनेत ९९६ उपचार आणि आयुष्मानमध्ये १,२०९. जुलै २०२३ च्या जीआरनं दोन्हींसाठी १,३५६ केले. २०२५ मध्ये आकडा २,३९९ वर गेला.

यादी वाढली, हे चांगलंच झालं. पण यादी बरं करत नाही. डॉक्टर बरं करतात.

यादीतल्या प्रत्येक उपचाराला एक कोड असतो, कोडला एक दर असतो. रुग्णालयाला पैसे मिळतात ते त्या कोडवर. कोड चुकला, फोटो राहिला, कागद कमी पडला, की क्लेम अडकतो. म्हणून अंगीकृत रुग्णालयात माणसाइतकंच कोडकडे बघावं लागतं. कुठल्या डॉक्टरनं हे मागितलं होतं?

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला हे चालतं. गुडघा आठवडाभर थांबू शकतो. पूर्वमंजुरी येऊ द्या, यादी बघू द्या, कोड जुळू द्या.

फुटलेली प्लीहा थांबत नाही.

२०२३ च्या बदलाचं गणित बघा. १,२०९ मधून १८१ उपचार काढले, ३२८ नवे घातले, बेरीज १,३५६. त्यातले ११९ फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव. मंत्रालयात हिशेब चोख बसला. पण रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरनं कुठले १८१ गेले आणि कुठले ११९ राखीव, हे पाठ म्हणून दाखवायचं का?

तातडीच्या वेळेसाठी सोय आहे. फोनवरून कळवा, मंजुरी घ्या, उपचार सुरू करा, कागद मुदतीत द्या. नियम माणुसकीचा आहे. तो दारात ठळक अक्षरांत लिहिलेला किती ठिकाणी दिसतो? ‘डिपॉझिट भरावे’ ही पाटी मात्र लांबूनही वाचता येते.

आता अपघाताच्या पैशाकडे या. २०२० मध्ये राज्यानं बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं अपघात विमा योजना मंजूर केली. पहिले ७२ तास, ७४ उपचार, ३० हजार रुपये. २८ जुलै २०२३ च्या जीआरनं उपचार १८४ केले, मर्यादा १ लाखावर नेली. जखमी महाराष्ट्राचा असो वा परराज्यातला, अपघात आपल्या हद्दीत झाला की तो पात्र. उत्तम निर्णय.

अंमल कधी? १ जुलै २०२४ पासून.

अकरा महिने. त्या अकरा महिन्यांत मुंबई-गोवा महामार्गावर एकही गाडी आदळली नाही का?

मग केंद्र सरकार आलं. ५ मे २०२५ रोजी रस्ते अपघातांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित झाली. दीड लाखापर्यंत, अपघातापासून सात दिवस. तीही मोटार वाहन कायद्यात तरतूद होऊन वर्षं उलटल्यावर, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावल्यावर. जीव वाचवणाऱ्या कलमाला अंमलात यायला न्यायालयाचा धाक लागतो.

केंद्राच्या योजनेत पोलिसांनी अपघाताची खातरजमा ऑनलाइन करायची. तोवर रुग्णाला स्थिर करायला साध्या जखमीसाठी २४ तास, जिवावर बेतलेल्यासाठी ४८ तास. म्हणजे पालीला एकच पाय मोडला, तर त्यासाठी दोन सरकारं, दोन मर्यादा आणि दोन ठिकाणी नोंदी. कोणती योजना लावायची, हे कोणी ठरवायचं? स्ट्रेचरवरच्या माणसानं?

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं: जखमीला आधी वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून ‘गोल्डन अवर’ची व्याख्याही आहे. गंभीर इजेनंतरचा पहिला तास. साठ मिनिटं.

त्यातली किती मिनिटं झेरॉक्सला द्यायची?

अमेरिकेतला कोडचा कारभार आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मुलगी न्यू जर्सीला, आईवडील सहा महिने तिच्याकडे. वडिलांच्या छातीत दुखलं, तातडीच्या विभागात नेलं, पुढे बिल आलं. तिथं त्या भेटीला ९९२८१ ते ९९२८५ असे पाच कोड. आकडा वर गेला की बिल वर गेलं. १ जानेवारी २०२३ पासून पातळी ठरवण्याचा नियम बदलला: तपासणी आणि विचारपूस किती नोंदवली यापेक्षा डॉक्टरला घ्यावा लागलेला निर्णय किती गुंतागुंतीचा होता, यावर आता कोड ठरतो. तिथली बिलं ऐकून इथं पालीत बसलेल्यालाही घाम फुटतो. ती व्यवस्था आपल्याला नको.

पण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, तारीख. तिथं उपचारांचे कोड १ जानेवारीला बदलतात, निदानाचे १ ऑक्टोबरला. सगळ्यांना आधीपासून माहीत. आपल्याकडे निर्णय एका पावसाळ्यात, अंमल दुसऱ्या पावसाळ्यात.

दुसरी, क्रम. १९८६ च्या कायद्यानं तिथल्या तातडीच्या विभागाला पैशाची ऐपत न बघता रुग्णाला तपासावं आणि स्थिर करावं लागतं. बिल कितीही जाचक असो, ते नंतर येतं. पैशाला देव मानणाऱ्या देशाला हे जमतं, तर फुल्यांचं नाव लावणाऱ्या योजनेला का जमू नये?

खासगी रुग्णालयांची बाजूही ऐकायला हवी. दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा येतात, ही त्यांची तक्रार जुनी आहे. ती खोटी नाही. कोड नवा आणि रक्कम गेल्या वर्षाची येणे बाकी, अशा व्यवहारात तालुक्याचं छोटं रुग्णालय किती दिवस टिकेल? ते योजनेतून बाहेर पडलं, की २,३९९ उपचार कागदावर तसेच राहतात. दार मात्र बंद होतं.

आणि सरकारी दार? पालीत ग्रामीण रुग्णालय आहे. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. तरीही गंभीर जखमीच्या नातेवाइकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते कोल्हापूरचं. आंबा घाट, रात्र, पाऊस आणि शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता.

त्या रस्त्याला कोणता कोड लावायचा?

काय करावं, हे सांगायला समिती नको. पहिल्या तासाच्या उपचारांना एकच कोड द्या: रक्तस्राव थांबवणं, श्वास चालू ठेवणं, सलाइन, रक्त, हाड बांधणं. पूर्वमंजुरी नाही, रेशनकार्ड नाही, योजना कोणती हा प्रश्न नाही. पैसे कोणी भरायचे, हे राज्य आणि केंद्र यांनी आपसात ठरवावं. कोडबदलाची तारीख वर्षातून एकच ठेवा, १ एप्रिल. बदलाचा एक कागद मराठीत छापा आणि प्रत्येक अपघात विभागाच्या भिंतीवर लावा. क्लेमचे पैसे मुदतीत द्या. आणि ग्रामीण रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि रक्त मिळेल, एवढं बघा. रिकामं पद कोणत्याही कोडनं भरत नाही.

पाली हे मंत्री उदय सामंत यांचं गाव. महामार्ग दारात, रुग्णालय गावात, मंत्री घरचे. राज्यातला पहिला कागद इथल्याच भिंतीवर लागायला अडचण कोणती?

पुढच्या जीआरमध्ये २,३९९ चे आणखी कितीही होवोत. आम्हाला दुसराच आकडा हवा आहे: जखमी दारात पोचल्यापासून पहिली सुई टोचेपर्यंत किती मिनिटं गेली? प्रत्येक रुग्णालयाचा हा आकडा सरकारनं दर महिन्याला जाहीर करावा. योजना चालते की नाही, ते त्या दिवशी कळेल.