सद्दाम, ती सीमा तुम्हीच मान्य केली होती

सद्दाम हुसेन यांस,

इराणवर तुम्ही लादलेलं युद्ध न्याय्य होतं असं सांगणारे अजून भेटतात, म्हणून जाब तुम्हालाच विचारते.

६ मार्च १९७५ रोजी अल्जीयर्समध्ये इराणच्या शहाशी समझोता कोणी केला? तुम्हीच. शत्त अल-अरब नदीतली सीमा खोल पात्राच्या मध्यातून जाईल, हे कोणी मान्य केलं? तुम्हीच. बदल्यात शहाने इराकी कुर्दांची रसद तोडली, त्यांचा उठाव कोसळला. तो फायदा पचवलात आणि १७ सप्टेंबर १९८० रोजी करार रद्द केलात. पाचच दिवसांत तुमचं सैन्य इराणात!

तेव्हा तिथे क्रांतीनंतरची बेबंदशाही होती, कित्येक सेनानींना मृत्युदंड दिला गेला होता. शेजाऱ्याच्या घरात गोंधळ बघून आत शिरलात आणि त्याला नाव दिलंत 'कादिसिया', सातव्या शतकातल्या इराणवरच्या अरब विजयाचं. केवढा हा पराक्रम! खुझेस्तान या इराणी प्रांतातले अरब तुमच्या स्वागताला येतील, असे मनातले मांडे खाल्लेत. ते आले नाहीत. तिथल्या खोर्रमशहरसाठी गल्लोगल्ली लढावं लागलं, आणि मे १९८२ मध्ये तेही हातचं गेलं.

इराणचे नेते खोमेनी तुमची राजवट उलथवण्याची भाषा करत होते, हे खरं. १९८२ नंतर युद्ध लांबवण्याचं पाप त्यांच्याही माथी आहे. पण चिथावणी मिळाली म्हणून शेजाऱ्याचा मुलूख गिळायचा परवाना मिळत नाही. आणि हलब्जा या इराकी कुर्दांच्या शहराचं काय? १६ मार्च १९८८ रोजी तिथे विषारी वायूने हजारो माणसं मारलीत. ती तर तुमच्याच देशाची होती.

युद्ध संपल्यावर बसऱ्याच्या नदीकाठी मेलेल्या अधिकाऱ्यांचे पुतळे उभारलेत. प्रत्येकाचं बोट पलीकडे, इराणकडे रोखलेलं. ते पुतळे तसेच उभे असताना, ऑगस्ट १९९० मध्ये तुम्ही इराणचे राष्ट्राध्यक्ष रफसंजानींना पत्र लिहून १९७५ चीच सीमा पुन्हा मान्य केलीत. कारण कुवेत गिळला होता आणि तो अंगाशी येत होता. मग आठ वर्षं लाखो पोरं कशासाठी मारलीत?

तुम्हाला फाशी झाली ती दुजैल या इराकी गावातल्या १४८ जणांच्या हत्येबद्दल. इराणवरच्या आक्रमणाबद्दल तुमच्यावर खटला कधी चाललाच नाही.