सव्वापटवाला

ऑकलंडला शिडांचं शहर म्हणतात. तिथल्या एखाद्या घराच्या परसात ताडपत्रीचा डोंगर दिसला, तर समजावं की आत होडी आहे आणि होडीच्या आत सव्वापटवाला आहे. हा शिक्षक असतो, प्लंबर असतो, दातांचा डॉक्टरही असतो. होडीचा नवा आराखडा काढणं आपलं काम नव्हे, हे तो मोकळेपणानं कबूल करतो. पण थोरांनी काढलेला आराखडा मोठा करायला काय लागतं? कॅलक्युलेटर तर घरात असतोच.

त्याचं दैवत एल. फ्रान्सिस हेरशॉफ. या अमेरिकन गृहस्थांनी १९४०च्या दशकात हौशी लोकांसाठी एच-२८ ही दोन डोलकाठ्यांची, २८ फुटी होडी काढली आणि तेव्हाच बजावून ठेवलं की हिच्यात फेरफार कराल तर हिला बिघडवाल. सव्वापटवाल्याला हा इशारा तोंडपाठ असतो. दुसऱ्यांना तो आवर्जून ऐकवतो. "म्हणून तर मी एकाही रेषेला हात लावला नाही," तो म्हणतो, "सगळ्यांना सरसकट सव्वानं गुणलं."

एवढ्या खटाटोपाचं कारण, एच-२८च्या केबिनमध्ये ताठ उभं राहता येत नाही. लोक यासाठी वाकतात. हा ३५ फुटी होडी बांधतो.

गुणाकार रात्री जेवणानंतर चालतो. अमेरिकन आराखड्यात ३-४-५ असं लिहिलेलं असतं. म्हणजे तीन फूट, चार इंच, वर पाच अष्टमांश. त्याची सव्वापट करायची आणि मग मिलिमीटर काढायचे, कारण न्यूझीलंडमधला लाकूडवाला इंच ऐकून घेत नाही. असे शेकडो आकडे. त्यातला एखादा चुकला की होडीच्या बरगडीला पोक येतो, आणि सव्वापटवाला त्या पोकावर हात फिरवत, हेरशॉफला इथे नक्की काय साधायचं असेल, याचं चिंतन करत बसतो.

लांबी सव्वापट, म्हणून खर्चही सव्वापट, असं त्यानं घरी सांगितलेलं असतं. फळ्या मात्र दीडपटीहून जास्त लागतात, आणि होडीचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. ही बातमी घरी हप्त्याहप्त्यानं पोचते.

मग ध्यानात येतं की होडी वाढली, माणूस तेवढाच राहिला. साडेसहा फुटी बिछाना आठ फुटांपलीकडे गेला. बाकावर बसलं की पाय लोंबतात. ओटा बरगड्यांना लागतो. तेव्हा आतलं सामान गुपचूप मूळ मापाचं होतं. पण हा काही फेरफार नव्हे!

अशात एक म्हातारा होडीबांध्या चक्कर टाकतो. हाताखालून बऱ्याच होड्या गेलेला, कमी बोलणारा. तो समजावतो की झबलं मोठं करून बापाचा सदरा होत नाही. लांबी वाढवली तर रुंदी त्या मानानं कमी वाढवायची. शिवाय वाऱ्याचा होडी कलंडवण्याचा जोर दुपटीच्या आसपास जातो, पण तिची सावरण्याची ताकद जवळजवळ अडीचपट होते.

"मग चांगलंच की!" सव्वापटवाला खूश.

"चांगलं कसलं? ती वाऱ्यापुढे झुकणार नाही, आणि तो सगळा ताण डोलकाठीवर जाणार. तुझी सव्वापट डोलकाठी पुरायची नाही."

डोलकाठी जाड होते. होडी एवढी भक्कम आहे तर शीडही वाढवू, म्हणून ती उंचही होते. शीड वाढलं म्हणून तोल सरकतो, तोल सरकला म्हणून सुकाणू मोठं होतं, आणि ते हाताला जड जातं म्हणून दांडा काढून चक्र बसतं. रुंदी तेवढी राहते. पावणेनऊ फुटांची जवळजवळ अकरा फूट झालेली, आणि फाटक दहा फुटांचं. ते पाडलं जातं. मला विचाराल तर एवढ्या कष्टात कोरा आराखडा काढून झाला असता. पण तो उद्धटपणा या माणसाला जमायचा नाही.

अखेर होडी पाण्यात उतरते आणि चक्क तरंगते. कागदावर आराखडाकार म्हणून एल. फ्रान्सिस हेरशॉफ यांचंच नाव पडतं. वाऱ्यात ती झोकात वळली, तर सव्वापटवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "मोठी केल्याचा हा फायदा." आणि नाहीच वळली, तर आवाज खाली आणून कबूल करतो की मूळ आराखड्यातच एक बारीकशी खोट आहे, थोरामोठ्यांचं असं उघड बोलू नये, म्हणून इतकी वर्षं तो गप्प होता.