उन्हावाऱ्यातला आयर्नमॅन: नवशिक्यांसाठी सोपे धडे

तयारीची सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर करण्यापासून करावी. घरच्यांना सवडीनं सांगितलं तरी चालतं. गोव्याला मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि वर २१.१ किलोमीटर पळायचं, असा हा बेत. बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल, म्हणून नाव आयर्नमॅन ७०.३. हे पूर्ण अंतराच्या निम्मं असतं, पण कुणी विचारल्याशिवाय सांगू नये.

आता खरेदी. उंच रिमची कार्बनची चाकं आधी घ्यावीत, पोहणं नंतर शिकता येतं. अशा चाकांवर आडवा वारा शिडात भरावा तसा भरतो आणि सायकल आपल्याला न विचारता रस्ता बदलते. वाऱ्याशी आयर्नमॅनचं वैर जुनं आहे. पूर्ण अंतराची ही स्पर्धा १९७८ मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर सुरू झाली. तेव्हा १५ जण निघाले होते, १२ पोचले. १९८१ मध्ये ती लाव्हाच्या काळ्या माळावर, हवाईतल्याच कोनाला गेली. तिथला वारा असा की मागच्या चाकाला बंद तबकडी लावण्यावर बंदी घालावी लागली. जगातल्या सर्वोत्तम सायकलपटूंना जे झेपत नाही, ते आपण हप्त्यांवर घ्यावं.

उन्हाचा सराव करण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे पहाटे पाचला उठून गार हवेत पळणं आणि स्पर्धेच्या दिवशी भर दुपारी आश्चर्यचकित होणं. गोव्यातली ही स्पर्धा येते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे पावसाळा सरून घामाच्या धारा सुरू होतात तेव्हा. ज्यांना आश्चर्य नको असेल त्यांनी आधीचे दहा-चौदा दिवस रोज तासभर उन्हात हळू पळावं. शरीर तेवढ्यात शिकतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण हळू म्हणजे खरंच हळू. शेजारच्या मॉर्निंग वॉकवाल्या काकांनी मागे टाकलं तरी चालेल इतकं.

वाऱ्यासाठी सातारकरांनी चाळकेवाडीच्या पठारावर जावं. पवनचक्क्या उभारणाऱ्यांनी वारा कुठे असतो याचा अभ्यास आपल्यासाठी करूनच ठेवलाय. निघताना वारा पाठीवर घेतलात तर आपण फार सुधारलो असं वाटतं. हे सुख परतीच्या वळणापर्यंत टिकतं. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर जावं. समोरच्या वाऱ्यानं घेतलेली मिनिटं पाठीवरचा वारा पूर्ण परत करत नाही, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेगाच्या आकड्यावर चक्क चिकटपट्टी लावा आणि दम किती लागतोय तेवढंच बघा. पुढच्याच्या आडोशाला लपायचीही सोय नाही. दोन सायकलींत १२ मीटरचं अंतर राखावं लागतं. पुणेकरांना या नियमाचा विशेष सराव करावा लागेल.

पाण्याबाबत घरोघरी एकच सल्ला असतो: भरपूर प्या. तो अर्धाच ऐका. तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. किलोभर घटलं तर साधारण लिटरभर घाम गेला. काळा टी-शर्ट दोरीवर वाळल्यावर त्याच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटतात, ते मीठ. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. लिंबू-मीठ-साखर स्वस्त आहे, पण त्याचा फोटो चांगला येत नाही, हे मान्य.

गोव्याच्या दमट हवेत घाम उडून न जाता नुसता ओघळतो, त्यामुळे अंग गार होत नाही. मग टोपीत बर्फ भरायचा. तो वितळून मानेवरून पाठीत, पाठीवरून बुटात उतरतो आणि पुढे प्रत्येक पावलाला पचपच आवाज येतो. हे बूट आधीच ओले करून पळून बघितलेल्यांचे तळवे शाबूत राहतात. बाकीच्यांना मेडलबरोबर फोडही मिळतात.

भर उन्हात अंगावर शहारे आले, गरगरलं किंवा साधा पत्ता आठवेनासा झाला, तर लगेच थांबा, सावलीला बसा आणि स्वयंसेवकाला हाक मारा. एवढी एक सूचना मात्र गंमत म्हणून वाचू नका.