भंवरकुआंचा दर्यावर्दी

इंदूरकराला समुद्राचं फार कौतुक, कारण तो कुठल्याच बाजूने जवळ नाही. आमचं नळाचं पाणीसुद्धा नर्मदेतून पंपांनी घाट चढवून आणलेलं. अशा गावातल्या भंवरकुआंत, जिथलं जग खोलीभाडं, टिफिन आणि पीएससीच्या नोट्स या तीन खांबांवर उभं आहे, तिथे माझा बुऱ्हाणपूरचा भाचा सध्या अभ्यास सोडून जहाज हाकतो.

खेळाचं नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा: द विंड वेकर'. निन्टेंडोचा, 2002 सालचा. 2001 मध्ये त्याची झलक दाखवली तेव्हा चाहते खवळले होते. आमचा तलवारबहाद्दर लिंक असा टपोऱ्या डोळ्यांचा, कार्टूनमधला पोरगा का केलात म्हणून! त्या काळचे 'खरेखुरे' दिसणारे गेम आज बघवत नाहीत, हा मात्र अजून टवटवीत दिसतो. चाहत्यांचं ऐकलं नाही ते बरं झालं.

लिंकच्या बहिणीला एक राक्षसी पक्षी उचलून नेतो आणि पोरगा तिला सोडवायला निघतो. वाहन म्हणजे सिंहाच्या तोंडाची लाल होडी. ती बोलते, आणि बोलते म्हणजे मुख्यतः उपदेश करते. तिचे संवाद पडद्यावर वाचायचे असतात. "पण वाचताना मला तुमचाच आवाज ऐकू येतो, मामा," असं भाचा म्हणतो. मी विषय बदलला.

समुद्राचे चौकोन एकोणपन्नास, आणि दिशा बदलायची तर आधी छडी फिरवून वारा वळवायचा. पुढे टिंगल नावाचा हिरव्या कपड्यांतला इसम भेटतो. समुद्रात बुडालेल्या खजिन्याचे आठ नकाशे त्याच्याकडून वाचून घ्यावे लागतात. एकाचे 398 रुपये, म्हणजे तिथलं चलन. एकूण 3184. चारशे नाही, तीनशे अठ्ठ्याण्णव! हा गृहस्थ भंवरकुआंत कोचिंग चालवून गेला असणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. नकाशा तुमचा, शोधायचं तुम्ही, फी त्याची.

एका रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला, तेव्हा आई शेजारी येऊन बसली. लिंकची आजी नातवंडांच्या काळजीने आजारी पडते, हे तिला लगेच पटलं. "पोरगा समुद्रात, फोन नाही. पडेल नाहीतर काय!" मग बरी झालेली आजी सूप करून देते आणि ते पिऊन लिंकचा मार दुप्पट होतो, तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की जेवताना नको म्हटलेली आमटी मी उठून प्यायलो.

पुढे कळतं की या साऱ्या समुद्राखाली एक अख्खं राज्य बुडालेलं आहे.

"म्हणजे हरसूद," आई म्हणाली.

इंदिरा सागर धरणाने 2004 मध्ये हे गाव गिळलं, तिथे तिची मावशी राहायची. त्याच जलाशयात आता हनुवंतियाला पर्यटक बोटीतून फिरतात. भाच्याने खेळ थांबवला आणि मावशीचं घर कुठल्या बाजूला होतं ते विचारलं. आईने पडद्यावरच्या निळ्या पाण्यात बोट ठेवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला खेळातल्यासारखं खरं बेट दाखवायला खंडवा रोडने ओंकारेश्वरला नेलं. घाटावर नावाडी भाडं सांगत होता. भाच्याने हात वर करून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि विचारलं, "भैया, हवा किधर की है?"

नावाड्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हवा से अपने को क्या, भिया? डीजल का भाव पूछो."